हमरापूरचे खोके, धाटावची पाटी

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

शिमगा सरतो. मुंबईत अजून गणपतीचा विषयही निघालेला नसतो, आणि पेणजवळच्या हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांत परदेशी जाणाऱ्या गणपतींची बांधाबांध सुरू असते. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, मॉरिशस इथे भाद्रपदात बसायची मूर्ती बोटीने जायची, तर ती उन्हाळ्यातच घराबाहेर पडली पाहिजे. डोळ्यांची आखणी उरकलेली, रंग खडखडीत वाळलेला, सोंड आणि बोटे कागदात गुंडाळलेली. दारात टेम्पो उभा. न्हावाशेव्याचे बंदर तिथून तासाभराच्या वाटेवर. याच कारखान्यांच्या पडवीत सातवी-आठवीतली मुले सुट्टीच्या दिवशी मोठ्यांच्या हाताखाली असतात, साच्यातून निघालेली मूर्ती घासून गुळगुळीत करतात. सोमवारी तीच मुले शाळेत जाऊन भूगोलातला व्यापाराचा धडा पाठ करतात. धड्यात हमरापूर नसते.

जागतिक अर्थव्यवस्थेसाठी मुलांना तयार करायचे म्हटले, की पालकांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी माध्यम येते, कोडिंगचा क्लास येतो, पुण्या-मुंबईला खोली घेऊन राहण्याचा खर्च येतो. जग कुठेतरी लांब आहे आणि पोराला तिथवर पोचवायचे आहे, अशी ही समजूत. पेण आणि रोहा या तालुक्यांना ती लागू पडत नाही. डोळवीचा पोलाद कारखाना वर्षाला 1 कोटी टन क्षमतेचा आहे. त्याचे लोहखनिज आणि कोळसा धरमतरच्या खाडीतून बार्जने येतो. नागोठण्यात प्लास्टिकचा कच्चा माल तयार होतो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतला रंग जगभरच्या मोटारींवर आणि छापील कागदांवर जाऊन बसतो. जग इथे केव्हाच मुक्कामाला आले आहे. त्याच्या कुंपणाला लागून मुले वाढतात, पण कुंपणापलीकडे काय चालते हे त्यांना कुणी उलगडून सांगत नाही.

ते उलगडायला फार मोठी सामग्री लागत नाही. हमरापूरच्या त्या खोक्यापासूनच सुरुवात करता येईल. वीस फुटी कंटेनरच्या पोटात साधारण 33 घनमीटर जागा असते. मूर्तीचे खोके 40 सेंटिमीटर लांब, तेवढेच रुंद आणि 50 उंच धरले, तर भागाकाराने 412 खोकी बसायला हवीत. आठवीतल्या कोणत्याही मुलाला हे उत्तर काढता येईल आणि परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुणही मिळतील. प्रत्यक्षात त्या कंटेनरची आतली लांबी 590 सेंटिमीटर, रुंदी 235 आणि उंची 239 च्या आसपास असते. मूर्ती उभीच ठेवायची, आडवी करून चालत नाही. मग लांबीत 14, रुंदीत 5 आणि उंचीत 4, म्हणजे 280 खोकी बसतात. उरलेली जागा भाडे भरून रिकामी जाते. आता खोके लांबी-रुंदीत 2 सेंटिमीटरने आणि उंचीत 3 सेंटिमीटरने आटोपशीर केले, तर 15, 6 आणि 5, म्हणजे 450 बसतात. 280 आणि 450 मधला फरक दोन-तीन सेंटिमीटरचा आहे. पण पाच थर रचायचे तर सर्वांत खालच्या पुठ्ठ्याने वरच्या चार मूर्तींचे वजन पेलले पाहिजे, आणि मूर्तीभोवतीचा भराव कमी झाला तर बोट हलताना सोंड मोडणार. गणिताचा तास इथे भौतिकशास्त्रात शिरतो आणि तिथून नफा-तोट्यात.

खोक्याऐवजी लाकडी पेटी वापरली, तर आणखी एक धडा उघडतो. परदेशी जाणाऱ्या फळ्यांच्या पेटीचे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश तापमानाला किमान 30 मिनिटे तापवून, नाहीतर दुसऱ्या मान्य पद्धतीने निर्जंतुक करून, त्यावर ठरावीक शिक्का मारलेला असावा लागतो. लाकडातली कीड एका खंडातून दुसऱ्या खंडात जाऊ नये म्हणून. शिक्का नसेल तर मूर्ती कितीही सुबक असो, माल बंदरावर अडतो. जीवशास्त्रातला भुंगा व्यापाराच्या कागदावर येऊन बसतो, तो असा.

आणि रसायनशास्त्र तर पेणच्या घराघरांत आहे. जिप्सम तापवून त्यातले बरेचसे पाणी काढले की प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे पीओपी, होते. त्यात पाणी घातले की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते, आणि मग तळ्यात महिनोन्महिने विरत नाही. शाडूची माती पाण्यात सुटते, पण ती वाळायला वेळ घेते, वजनाला भारी आणि धक्क्याला नाजूक. एवढ्या एका फरकावर हजारो घरांची चूल अवलंबून आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाचे नियम 2010 मध्ये केले आणि मे 2020 मध्ये सुधारून पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या मनाईची कडक अंमलबजावणी करायला सांगितले. जूनमध्ये मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक मिळाली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला तेव्हा परवानगी मिळाली नाही. त्या काही महिन्यांत पेणच्या कारखानदारांवर जे गुदरले, ते त्यांच्या मुलांनी जवळून पाहिले. दिल्लीतला एक नियम, मुंबईतला एक आदेश आणि घरातला कच्च्या मूर्तींचा ढीग यांचा परस्परांशी संबंध काय, हे त्यांना त्या दिवसांत वर्गात कुणी फळ्यावर मांडून दाखवले असते, तर तो तास ती जन्मभर विसरली नसती.

आता रोह्याकडे वळू. धाटावला रंगद्रव्याचा एक कारखाना आहे. त्याच्या फाटकावर एके काळी कलर-केम हे नाव होते. पुढे ती कंपनी स्वित्झर्लंडच्या क्लॅरियंटच्या नावाने ओळखली जाऊ लागली. 2022 मध्ये क्लॅरियंटचा रंगद्रव्यांचा व्यवसाय जर्मनीच्या ह्यूबाखकडे गेला आणि इथलीही पाटी बदलली. ह्यूबाख हे 1806 पासूनचे घराणे, पण एप्रिल 2024 मध्ये त्याने जर्मनीत दिवाळखोरीचा अर्ज केला. मग ते विकत कोणी घेतले? पुण्यात 1951 मध्ये सुरू झालेल्या सुदर्शन केमिकलने. तिचा स्वतःचा मोठा कारखाना याच रोह्यात आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सौदा जाहीर झाला, मार्च 2025 मध्ये पुरा झाला. एकाच वसाहतीतले दोन प्रतिस्पर्धी एका छत्राखाली आले, आणि दोनशे वर्षांच्या जर्मन कंपनीची मालकी मराठी मातीतल्या कंपनीकडे आली.

ही गोष्ट अभिमानाची आहेच. पण शाळेने त्यातून काढायचा अर्थ वेगळा आहे. ज्या मुलाचे वडील विशीत कलर-केमच्या फाटकातून आत गेले, त्यांनी निवृत्तीपर्यंत जागा न बदलता चार मालकांची नावे पाहिली असतील. 'अमक्या कंपनीत चिकटला' हा आपल्याकडचा सुखाचा शब्द त्या फाटकाशी थिटा पडतो. पाटी बदलल्यावरही ज्याच्या हातातले काम शाबूत राहते, तो कोण? रंगद्रव्य आणि रंजक यांतला फरक जाणणारा, म्हणजे एक द्रावणात विरघळत नाही आणि दुसरे विरघळते हे ज्याला माहीत आहे तो. पिंपावरची धोक्याची सूचना परक्या भाषेत असली तरी चिन्हांवरून ओळखणारा. प्रयोगशाळेतली नोंद अशी लिहिणारा, की ती पुण्यातल्या किंवा जर्मनीतल्या माणसाला एका वाचनात समजावी. या तिन्ही गोष्टी दहावीच्या आत शिकवता येतात. पण त्या शिकवायच्या तर प्रयोगवहीत गाइडमधला प्रयोग उतरवून चालणार नाही. मुलाने परीक्षानळी हातात घेतली पाहिजे. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत प्रयोगशाळेचे कपाट तपासणीच्या दिवशी उघडते. रसायनांच्या वसाहतीच्या हाकेच्या अंतरावर असे घडावे, याची खंत वाटली पाहिजे.

अशा तयारीचा सर्वांत मोठा दाखला रोह्यानेच दिला आहे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म 14 जानेवारी 1896 चा, महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोह्यातले. 1912 मध्ये मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजला गेले ते निसर्गविज्ञान शिकायला; तिथे वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांनी जिंकले. 1918 मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिले. 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आणि जुलै 1944 मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला 44 देशांचे प्रतिनिधी जमले, जिथून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक उभी राहिली, तिथे भारताच्या शिष्टमंडळात ते बसले होते. ज्या जागतिक अर्थव्यवस्थेसाठी मुलांना तयार करायचे आहे, तिचा पाया घालताना रोह्याच्या कुंडलिकेकाठचा मुलगा हजर होता. याच माणसाने मेघदूत मराठीत आणले, आणि पुढे मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये अर्थमंत्रिपद सोडले.

संस्कृत, वनस्पतिशास्त्र, नाणेव्यवहार. आजच्या करिअर मार्गदर्शन मेळाव्यात एखाद्या मुलाने हे तीन विषय एका दमात सांगितले, तर त्याला 'आधी काय ते एक ठरव' असे ऐकावे लागेल. रोह्यातल्या त्या मुलाला लवकर अरुंद करण्याची घाई कुणी केली नाही, हे त्याचे भाग्य होते. सगळी मुले देशमुख होणार नाहीत हे उघड आहे. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलाचा सायन्स-कॉमर्स असा निकाल लावून मोकळे होण्याची आजची पद्धत हुशार मुलालाही खुजे करते आणि साधारण मुलाचा तर रस्ताच बंद करते. पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 मध्ये जन्मलेल्या विनोबांनी तर ऐन विशीत आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली, आणि त्यानंतर आयुष्यभर ते एकेक भाषा शिकत राहिले.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर जर्मनीचे पाहू. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. प्रायोगिक टप्प्यासाठी 10,000 जणांचा आकडा ठरला. परिचारिका, वीजतंत्री, नळकाम करणारे, स्वयंपाकी अशी कामे. हे कळताच पालक विचारतात, जर्मन भाषा किती महिन्यांत येते? खरा अडसर त्याच्याही अलीकडे आहे. ज्याला मराठीत कर्ता, कर्म, विभक्ती कळली, त्याला जर्मनच्या विभक्तींची भीती वाटत नाही. ज्याचे मराठीही कच्चे राहिले आणि इंग्रजी पाठांतरावर निभले, त्याला तिसरी भाषा परकीच राहते. पेण-रोह्यातली मुले घरी आगरी, कोळी, कातकरी बोली बोलतात आणि शाळेत प्रमाण मराठी. म्हणजे एका भाषेतून दुसरीत जाण्याचा सराव त्यांना पाचव्या-सहाव्या वर्षापासून आहे. शिक्षकाने बोलीला हसून मुलांना गप्प केले नाही, तर ती बोली हीच पुढच्या भाषांची पहिली पायरी ठरते.

नोकरी हा या विषयाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा पेणच्या शेतकऱ्यांनी 21 सप्टेंबर 2008 रोजी दाखवला. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत त्या दिवशी जनमत घेतले गेले. भातखाचराच्या मालकांना निर्यातक्षेत्र, करसवलत, लाभक्षेत्राचा नियम, भूसंपादनाची कलमे समजून घ्यावी लागली, आणि त्यांनी ती समजून घेतली. प्रकल्प पुढे बारगळला. तेव्हा शाळेत असलेली मुले आज तिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यापुढे आता अटल सेतू आहे, डिसेंबर 2025 पासून विमाने उडू लागलेला नवी मुंबईचा विमानतळ आहे, आणि पेण-उरणच्या गावांवर तिसऱ्या मुंबईची रेखाटने पडली आहेत. सातबारा, नकाशा आणि अधिसूचना वाचता येणे ही आजच्या मुलांसाठी संगणकाइतकीच गरजेची विद्या आहे. ती नसेल तर विमानतळावर त्यांच्या वाट्याला सामान चढवण्याचे काम तेवढे येईल.

हे सगळे शाळेत असलेल्या मुलांबद्दल झाले. दिवाळी झाली की दोन्ही तालुक्यांतल्या अनेक कातकरी वाड्यांना कुलपे लागतात. आई-बाप वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात, मुले त्यांच्याबरोबर. पाऊस आला की परत. वर्षाचा निम्मा भाग असा जातो. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला सामावून घ्यावे म्हणून शिक्षण हमी कार्डाची सोय शासनाने केली आहे. त्या कार्डावर एखाद्या मुलाचे नाव लिहून ते भट्टीजवळच्या शाळेत पोचवणारा शिक्षक जागतिक अर्थव्यवस्थेसाठीचे पहिले काम करत असतो. कारण त्याच विटांनी पनवेल आणि नवी मुंबईतल्या इमारती उभ्या राहतात.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे बसून शिकायचे, असे त्यात लिहिले आहे. बहुतेक ठिकाणी हे दिवस सहलीत आणि कागदकामात संपतात. पेणच्या शाळेला ते फाल्गुन-चैत्रात हमरापूरला घालवता येतील. पहिले दोन दिवस मातीत हात. मग मोजपट्टी घेऊन खोकी मोजायची, आपल्या हाताने कंटेनरचे चित्र काढून ती त्यात बसवायची. एक दिवस शिक्का मारलेले आणि न मारलेले लाकूड ओळखायचे. एक दिवस कारखानदाराशेजारी बसून बिल, विमा, बोटीचे भाडे आणि डॉलरचा भाव वहीत मांडायचा. रोह्याच्या शाळेतल्या मुलांनी एक दिवस तिथे यावे आणि मूर्तीवर लागणाऱ्या रंगाची रसायने समजावून सांगावीत.

दहाव्या दिवशी प्रत्येक मुलाने एक पत्र लिहायचे, आधी मराठीत आणि मग शिक्षकांच्या मदतीने इंग्रजीत. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही शिखर संस्था 1981 पासून आहे. मूर्ती ज्या गावी जायची तिथल्या मंडळाच्या पत्त्यावर ते पत्र खोक्यातच ठेवायचे. मजकूर थोडकाच: मूर्ती नीट पोचली का, वाटेत काही मोडले का, आणि पुढच्या वर्षी खोके किती सेंटिमीटरचे करावे.