उंदीर, पाणबुडी आणि हाल्डेन

एक प्रश्न आपल्याकडे सारखा येतो. "तुम्ही कधी मुंग्यांवर बोलता, कधी कृष्णविवरांवर, कधी आयोडीनच्या मिठावर. तुमचा विषय तरी नक्की कोणता?" उत्तर द्यायला आज जे. बी. एस. हाल्डेन यांना मध्ये घेतो.

हाल्डेन हे इंग्लंडमधले आनुवंशशास्त्रज्ञ. १९२६ साली त्यांनी प्राण्यांच्या आकारमानावर एक छोटासा निबंध लिहिला. त्यातला उंदीर प्रसिद्ध आहे. खोल खाणीत उंदीर पडला आणि तळाची जमीन मऊ असली, तर तो जरा हबकतो आणि चालू लागतो. माणूस मरतो. घोड्याचं काय होतं ते जेवताना ऐकू नका!

असं का? गणित शाळेतलंच आहे. प्राण्याची लांबी, रुंदी, उंची दहापट करा. पृष्ठभाग शंभरपट होतो, वजन मात्र हजारपट. पडताना हवा अडवते ती पृष्ठभागाला, खाली ओढलं जातं ते वजन. उंदराच्या वाट्याला वजनाच्या मानाने हवेचा अडसर खूप येतो, म्हणून तो वाचतो. आता हेच गणित पाण्याला लावा. आंघोळ करून आपण बाहेर येतो तेव्हा अंगावर जेमतेम अर्धा किलो पाणी असतं, आपल्याला ते कळतही नाही. भिजलेली माशी मात्र स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी वाहते, आणि अडकते. हत्तीचे पाय जाड का, हेही त्यातच आलं. म्हणजे बघा, विषय किती, आणि धागा एकच.

पुढे 'डेली वर्कर' या कम्युनिस्ट दैनिकात त्यांनी तीनशेहून जास्त लेख लिहिले, कामगार वाचकांसाठी. १९३९ साली 'थेटिस' पाणबुडी बुडून ९९ माणसं गेली. कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की माणसाचं काय होतं, हे पाहायला हाल्डेन स्वतः बंद पेटीत बसले.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. सोव्हिएत रशियात लायसेन्को जनुकंच नाकारत होता, त्याला स्टालिनचं पाठबळ होतं, आणि १९४८ साली तिथे आनुवंशशास्त्रावर जवळपास बंदीच आली. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह त्याआधीच, १९४३ साली, तुरुंगात वारले होते. त्यांच्याच निमंत्रणावरून हाल्डेन १९२८ साली रशियाला गेले होते! तरीही हाल्डेननी त्या वेळी लायसेन्कोचा स्पष्ट धिक्कार केला नाही. पक्षनिष्ठा आडवी आली. "सगळ्या विषयांत तोंड घालणारा कधीतरी घसरणारच" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की ते घसरले ते स्वतःच्याच विषयात. मला तरी हे त्यांच्या सगळ्या लेखनावरचं सगळ्यात मोठं प्रश्नचिन्ह वाटतं.

१९५७ साली ते भारतात आले, कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये. पुढे भारताचे नागरिक झाले, भुवनेश्वरला स्थायिक झाले. १९६४ साली गुदाशयाच्या कॅन्सरने गेले. त्याच वर्षी, आजारपणात, त्यांनी आपल्या कॅन्सरवर चक्क विनोदी कविता छापली. शौचातून रक्त जातं ही गोष्ट आपल्याकडे घरात बायकोलाही सांगत नाहीत. हाल्डेननी ती यमकात मांडली, आणि वाचकांना बजावलं की लाजू नका, लवकर डॉक्टरकडे जा.

तर पुढच्या भागात आयोडीनचं मीठ. उरलेले प्रश्न कळवत राहा.