मत सभेत नसते, खोलीत असते



आम्ही काही विद्वान नव्हे. चार बुकं शिकलो नि साचेखात्यात उभे राहिलो. पण पक्षाला मते कशी वाढवावी लागतात, हे १९५७ साली आम्ही गिरणीवाले चाळीच्या जिन्यांवर शिकलो. तेवढेच सांगतो.

६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, सगळे एका व्यासपीठावर! कालपर्यंत एकमेकांचे तोंड बघत नव्हते. एकेकट्याला ज्याची त्याची माणसेच मते देत. आता मत फुटेना. उमेदवार फेडरेशनचा, नि प्रचाराला लाल बावट्याचा कामगार. नाशकातून दादासाहेब गायकवाड आणि मुंबईतून कॉम्रेड डांगे १९५७ ला लोकसभेत गेले, ते या एकीवर.

पण नुसती एकी पुरत नाही. सभेला येतो कोण? जो आधीच आपला आहे तो. (टाळ्याही तोच वाजवतो, नि पुढारी खूश!) म्हणून पाळी सुटल्यावर आम्ही खोलीखोलीत गेलो. एका खानावळवाल्या मावशींनी विचारले, "मुंबई आपली झाली, तर माझ्या नळाला पाणी येईल का रे बाबांनो?"

भाषण ठोकायला उघडलेले तोंड आम्ही मिटले. दुसऱ्या रात्री भाषण बंद. नळ, संडास, भाडे, जे गाऱ्हाणे असेल ते वहीत लिहून घेतले. मतदानाच्या दिवशी त्याच मावशी मजल्यावरच्या साऱ्या बायका घेऊन स्वतः निघाल्या.

आता कडू गोष्ट. विदर्भ-मराठवाड्यात तेव्हा आपली डाळ शिजली नाही. आम्ही मुंबई मुंबई म्हणत राहिलो. नागपूरचा राजधानीचा मान १९५६ ला गेला होता, त्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे विचारायला तिथे किती जण गेलो? कापूसवाल्याच्या भावाचे तर आम्ही नावही काढले नाही. नि रोज हातात त्याचाच कापूस!

१ मे १९६० ला राज्य झाले. मागणी पुरी झाली, नि समितीतले पक्ष पांगू लागले. १९६२ साली काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा नेल्या. लोक उलटले, असे कोणी म्हणू नये. राज्य आल्यावर पुढे काय, हे आम्हीच त्यांना धड सांगितले नव्हते. वही खुंटीच्या पिशवीत पडून होती, आणि मावशी पाण्यासाठी तशाच पहाटे तीनला उठत होत्या.