मूळ फोन कुठे आहे?

मागच्या भाषणानंतर तुमची जी पत्रं आली, त्यातल्या बहुतेकांत एकच प्रश्न आहे. "वकीलसाहेब, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. कोर्टात चालेल का?" कुणी हातउसने पैसे दिलेत आणि समोरचा फोनवर कबूल झालाय. कुणाला भावानं वाटणीचा शब्द दिला होता. कुणाला ठेकेदारानं दमदाटी केलीय.

तर चालतं. आणि हे काही आजचं नाही. मुंबईच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, एका डॉक्टरकडे पैसे मागितले, ते संभाषण पोलिसांनी फोनला टेपरेकॉर्डर लावून टिपलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली ती टेप पुराव्यात घेतली. त्या कॉरोनरच्या नावावरून मलकानी खटला म्हणून तो आम्हा वकिलांना पाठ असतो. बोलणं वादाशी संबंधित हवं, आवाज ओळखता यायला हवा आणि टेपमध्ये खाडाखोड झालेली नाही याची खात्री पटायला हवी, एवढं न्यायालयाने सांगितलं. नवरा-बायकोने एकमेकांचे गुपचूप केलेले रेकॉर्डिंगसुद्धा घटस्फोटाच्या दाव्यात पाहता येईल, असा निकाल २०२५ मध्ये झाला.

म्हणून मी तुम्हाला उलट विचारतो. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं, तो फोन कुठे आहे?

इथे निम्मे लोक गप्प होतात. एक बाई आल्या होत्या. चार लाख रुपये हातउसने दिलेले, कागद नाही. देणेकरी फोनवर स्वच्छ म्हणालाय, "दिवाळीनंतर देतो." फोन कुठे? एक्स्चेंजमध्ये दिला. मग रेकॉर्डिंग? भाच्याने "महत्त्वाचा तेवढा" तुकडा कापून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. आता उलटतपासात पहिला प्रश्न येणार, बाई, याच्या आधी काय बोलणं झालं होतं? नंतर काय झालं? कापलं कुणी? अहो, दुकानदार जुन्या फोनचे हजार-पाचशे वाढवून देतो म्हणून चार लाखांचा पुरावा काउंटरवर ठेवून यायचा? मला राग येतो, कारण बाई खरं बोलत होत्या.

फॉरवर्ड केलेली फाईल ही मूळ फाईल नव्हे. वाटेत तिचं नाव बदलतं, तारीख बदलते, व्हिडिओ असेल तर तो दाबून लहान केला जातो. आणि स्क्रीनशॉट म्हणजे तर नुसतं चित्र.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. जुन्या कायद्याचं कलम ६५-ब आता कलम ६३ झालंय. पेन ड्राइव्ह, सीडी, प्रिंट अशी कोणतीही प्रत दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना अधिनियमाच्या शेवटी परिशिष्टात छापला आहे. भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, आयएमईआय क्रमांक आणि हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. एक सेकंद कापा, ठसा बदलला.

प्रमाणपत्र नसेल तर काय होतं, ते केरळमधल्या एका निवडणूक याचिकेत दिसलं. सभेतल्या भाषणांच्या आणि घोषणांच्या सीडी प्रमाणपत्राविना दाखल केल्या होत्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बाजूला ठेवल्या.

पुढचा निकाल आपल्या जालन्याचा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत भरला की नंतर, असा वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण होतं, पण मागूनही प्रमाणपत्र मिळेना. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम पक्का केला. मूळ उपकरणाचा मालक ते घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि रेकॉर्डिंग आपण केलं हे त्याने सिद्ध केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. एरवी ते सक्तीचंच. ज्याच्याकडे चित्रीकरण आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून त्याला द्यायला लावता येतं.

आता कळलं ना, मी फोनच्या मागे का लागलोय? फोन हातात असेल तर अर्धी लढाई सोपी होते. तेव्हा तो विकू नका. मुलांना खेळायला देऊ नका. बिघडला तर दुरुस्तीवाला "रिसेट मारतो" म्हणेल, मारू देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप पुसले जाणारे संदेश चालू असतील तर आजच बंद करा. क्लिप कापू नका, नाव बदलू नका, त्यातला मोटारीचा आवाज "साफ" करू नका. प्रत जरूर काढा, पण मूळ फाईल आहे तशी राहू द्या. फोनचं बिल आणि खोकं सापडलं तर तेही त्याच कपाटात ठेवा. नवा फोन घ्या हो, घ्या. जुना बंद करून ठेवायला कुणी अडवलंय?

सोसायटीचा किंवा दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ते चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

बाकीच्या पत्रांना थोडक्यात. ऐकीव साक्ष सहसा चालत नाही. ज्याने पाहिलं त्यानेच येऊन सांगावं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सहसा वापरता येत नाही. साक्षीदार किती हवेत याला आकडा नाही, एक विश्वासार्ह पुरतो. नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणीकृत दस्त नव्हे. त्यावर पुढे कधीतरी सविस्तर बोलेन.

आणि वकिलाकडे पहिल्यांदा जाल तेव्हाच रेकॉर्डिंगचं सांगा. दाव्यात त्याचा उल्लेख तारखेसह यायला हवा. साक्ष संपत आल्यावर खिशातून पेन ड्राइव्ह काढलात, तर इतके दिवस हा कुठे होता, असं समोरचा वकील विचारणारच. जाताना तो फोनही सोबत न्या, चार्जरसकट.