नकलेतल्या चुका

‘सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही हो, मग यांनाच कॅन्सर कसा?’ हा प्रश्न आपण कुठे ना कुठे ऐकलेला असतो.

उत्तराचा एक भाग पेशीतच आहे. पेशीचं विभाजन होताना सुमारे सहाशे कोटी अक्षरांच्या जनुकीय मजकुराची नक्कल होते. लेखनिक कितीही काटेकोर असो, दोन-चार चुका राहतातच. बहुतेक निरुपद्रवी असतात. एखादी नको तिथे पडते आणि कॅन्सरकडे एक पाऊल पडतं.

2015 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या तोमासेत्ती आणि व्होगेलस्टाइन यांनी दाखवलं, की ज्या अवयवातल्या मूळ पेशी जास्त वेळा विभागतात, तिथे सहसा कॅन्सरही जास्त. म्हणूनच तो लहान आतड्यात क्वचित, मोठ्या आतड्यात कितीतरी अधिक. वर्तमानपत्रांनी मात्र मथळा केला: दोन तृतीयांश कॅन्सर निव्वळ दुर्दैवाने! तसं ते म्हणालेच नव्हते. 2017 मध्ये त्यांनी हिशेब मांडला तो जनुकांतल्या बिघाडांचा: नकलेतल्या चुका 66 टक्के, परिसर आणि सवयी 29, आनुवंशिकता 5. हे आकडे रुग्णांचे नव्हेत. कॅन्सरला बहुधा अनेक बिघाड जमावे लागतात. त्यातला तंबाखूने होणारा एक जरी टळला, तरी साखळी तुटू शकते.

आणि वारसा? लहान मुलांच्या डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा हा कॅन्सर घ्या. काही बाळं एका जनुकाची सदोष प्रत घेऊनच जन्मतात. पण 1971 मध्ये संशोधक नुडसन यांनी मांडल्याप्रमाणे, दुसरी चांगली प्रतही बिघडावी लागते. ती बिघडते बहुतेकदा योगायोगानेच.