घरातली कामे आणि भिंतीवरचे फोटो



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागे बसून ऐकावे, अशी रीत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून ती बहुतेक पाळली गेली. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि नगरच्या वाचनालयात. तेव्हा कुठे चुकलो तर हक्काने कान धरा.

चिटणीसांनी आम्हाला कामगार कायद्यांवर बोला म्हणून कळविले होते. आम्ही उलट लिहिले की आम्ही फोटोंवर बोलू. घरातल्या साध्या फोटोंवर. त्यांचे उत्तर चार दिवस आले नाही. मग एका ओळीचे आले, ‘जसे आपणांस योग्य वाटेल तसे.’ त्या ओळीत किती काळजी भरली होती ते आम्ही ओळखले! तथापि कायदा ह्या विषयात आपोआप येणार आहे, हे त्यांना आज कळेल.

आमची आई विड्या वळीत असे. नगर शहरात विडीकाम हजारो बायकांनी केले, त्यांतलीच ती एक. ती गेली तेव्हा भिंतीवर लावण्यासाठी फोटो शोधू लागलो. सगळ्या ट्रंका उपसल्या. निघाले दोनच. एक आमच्या बहिणीच्या लग्नातला. त्यात आई मागच्या रांगेत, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड. दुसरा विडी कामगाराच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा. तोच स्टुडिओत मोठा करायला दिला. स्टुडिओवाला भला माणूस. त्याने कॉम्प्युटरवर तिला जरीकाठाची साडी नेसविली, मागे निळे आकाश घातले, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या. तो फोटो आमच्या घरी आहे. पाहणारे म्हणतात, छान आहे. आम्हाला मात्र त्यात आई सापडत नाही. आमची आई म्हणजे मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री, टेंभुर्णीचे पान पत्र्यावर ठेवून कापणारी, आणि ते करता करता चुलीवरच्या भाताकडे एक डोळा ठेवणारी बाई. तिची बोटे तर आम्हाला डोळे मिटूनही दिसतात. पण त्या बोटांचा फोटो नाही. कुणी काढलाच नाही.

असे का झाले, ह्याचा विचार आम्ही पुष्कळ केला. कॅमेरा आपल्याकडे उशिरा आला असे म्हणावे, तर तेही खरे नाही. मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी १८५४ सालीच निघाली, आणि भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी त्या काळी कॅमेरा चालवीत होते. खेड्यात तो आला तो मात्र जत्रेतून आणि तालुक्याच्या स्टुडिओतून. तिथे पडद्यावर ताजमहाल रंगविलेला, बाजूला फुलदाणी, आणि ‘हलू नका’ हा हुकूम. आता न हलणे हे कामकरी माणसाला जमते कधी? सुट्टीच्या दिवशी. आणि ती सुट्टी तरी कुठे होती? नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना १८८४ साली बांधली, आणि रविवारची सुट्टी पदरात पडली ती १० जून १८९० रोजी. अंगावर धुतलेला सदरा घालून फोटो काढवायला जाण्याचा वार त्याआधी कामगाराच्या पंचांगात नव्हता. त्याच्या घरातल्या बाईच्या पंचांगात तर तो वार अजून यायचा आहे. म्हणून आपल्या भिंतींवर जे फोटो आहेत, ते सगळे सुट्टीचे. लग्न, बारसे, मुंज, सत्कार. तीनशे दिवस माणूस जे करतो त्याची नोंद नाही, आणि पाच दिवस जे करतो त्याचे अल्बम!

थोरांच्या घरीही हेच. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचा राजगृहातला एक कौटुंबिक फोटो आपण पुष्कळांनी पाहिला असेल. फेब्रुवारी १९३४ चा. बाबासाहेब, रमाबाई, यशवंतराव, थोरल्या बंधूंच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि ह्या सगळ्यांबरोबर बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. आम्हाला हा फोटो फार आवडतो. घटना लिहिणारा माणूस कुत्र्याचा लाड करीत होता, हे कळले की तो आपल्या घरातला वाटू लागतो. पण ह्याच रमाबाईंनी, बाबासाहेब परदेशी शिकत असताना, शेणाच्या गोवऱ्या थापून संसार रेटला, असे चरित्रकार सांगतात. त्या थापण्याचा फोटो आमच्या पाहण्यात नाही. राजगृहातल्या त्या फोटोनंतर सव्वा वर्षाने, मे १९३५ मध्ये, रमाबाई गेल्या. कुत्र्याचे नाव आपल्याला पाठ आहे, आणि त्या हातांचे चित्र आपल्याजवळ नाही. ह्यात दोष कुणाचा नाही. गोवऱ्या हा फोटो काढण्याचा विषय आहे, असे त्या काळी कुणाला वाटणारच नव्हते.

दादासाहेब फाळक्यांचेच घ्या. चित्रपट काढण्याआधी ते फोटोग्राफरच होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री जागून कच्च्या फिल्मला भोके पाडीत, रसायने कालवीत, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ राहूनही त्या बहुतेक कॅमेऱ्याच्या मागेच राहिल्या.

बाहेरच्या देशात ह्याचा विचार थोडा आधी झाला. लुईस हाइन नावाचा एक अमेरिकन शाळामास्तर होता. बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या समितीसाठी त्याने १९०८ पासून फोटो काढले. कारखान्यात थाप मारून शिरायचा, आणि मुलाची उंची आपल्या कोटाच्या बटणांवरून मापून टिपून ठेवायचा. पण आमच्या मनात भरले ते त्याचे न्यूयॉर्कच्या चाळींतले फोटो. जेवणाच्या टेबलाभोवती आई, आजी, तीन-चार पोरे, आणि सगळे मिळून कागदी फुले करताहेत, नाही तर अक्रोड सोलताहेत. वरवर पाहिले तर सुखी कुटुंब. नीट पाहिले तर कारखाना. आम्ही ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मोठ्याने म्हणालो, ‘अहो, हे तर आमचे घर!’ वाचनालयातल्या मंडळींनी आमच्याकडे वळून पाहिले.

आता कायद्याची गोष्ट. चिटणीस, लक्ष असू द्या. विडी कामगारांचा कायदा १९६६ साली झाला, आणि घरी बसून विड्या वळणारी बाईही कामगार, हे त्याने मान्य केले. मान्य करणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. १९९८ साली एका बाईंच्या ग्रॅच्युइटीचा तंटा आम्ही चालवीत होतो. समोरच्या पक्षाचे म्हणणे असे, की ही बाई आमची नव्हेच. असेल कुणा ठेकेदाराची. कार्ड उंदरांनी खाल्लेले. मुनिमाने सरळ सांगितले, की ह्या बाईंना मी ओळखत नाही, ह्यांच्या घराची पायरी कधी चढलो नाही. आम्ही हताश होऊन बाईंच्या घरी गेलो. चहा होईपर्यंत सुनेने वेळ घालवायला म्हणून अल्बम पुढे केला. त्यात नातवाच्या बारशाचा फोटो. पाळणा, बायका, आणि पाळण्यामागे कोपऱ्यात आजीबाई! बारशाच्या दिवशीही सूप मांडीवर. वर खिळ्याला कार्ड लोंबते आहे. आणि पाळण्याच्या अलीकडे घुगऱ्यांची बशी हातात घेऊन मांडी ठोकून बसलेला कोण? तोच मुनीम! फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का, सन १९८६.

फोटो पुरावा म्हणून कितपत टिकला असता, हे वकीलमंडळी जाणोत. तो टिकविण्याची वेळच आली नाही. पुढच्या तारखेला आम्ही तो टेबलावर ठेवला, मुनिमाने पाहिला, आणि खाली मान घालून म्हणाला, ‘पोरगं आता केवढं झालं असेल?’ त्याच्याबद्दल आम्हाला राग धरता आला नाही. तोही पगारीच माणूस. आठ दिवसांत तडजोड झाली. फोटो काढणाऱ्याला पाळणा काढायचा होता. सूप चुकून आले. त्या चुकीवर एका बाईचा हक्क तरला. तेव्हापासून आम्ही घरोघरी फोटोंचे कोपरे पाहतो.

चुकून येणारी ही गोष्ट मुद्दाम करणारेही आपल्याकडे झाले. पी. साईनाथ ह्यांनी १९९३ ते २००२ ह्या वर्षांत दहा राज्यांतल्या खेड्यांमधून राबणाऱ्या बायकांचे फोटो काढले. त्या प्रदर्शनाच्या नावाचा अर्थच असा, की काम दिसते आणि बाई दिसत नाही. ते त्यांनी बसस्थानकांवर, कारखान्यांत, शेतमजुरांच्या मेळाव्यांत मांडले, हे आम्हाला विशेष वाटते. सुधारक ओलवे ह्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षे काढले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ते फोटो जेवण्याआधी पाहू नयेत असे कुणी म्हणाले, तर आम्ही म्हणतो, जेवण्याआधीच पाहावेत.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मग प्रश्न सुटला का? एका बाजूने सुटला. पूर्वी आग्फाच्या क्लिक-थ्रीमध्ये एका रोळात बारा फोटो बसत, आणि त्या बारांतला एक भांडी घासण्यावर कोण खर्च करील? आता खर्च नाही. मांजराचे फोटो निघतात, शेळीच्या करडाचे निघतात, पोळ्याला बैलासकट घरदाराचा निघतो. आमची नात कुत्र्याचे दिवसाला वीस फोटो काढते. आम्ही काही म्हणत नाही, कारण टॉबीची आठवण होते. पण तिच्या आईचा शेवटचा फोटो कोणता, असे विचारले तेव्हा तिने बराच वेळ बोटाने मागे मागे सरकवले. आईच सगळ्यांचे काढीत होती.

दुसऱ्या बाजूने प्रश्न वाढला. गरिबाचा फोटो सरकार पूर्वीपासून काढते. शेषनसाहेबांनी १९९३ साली मतदाराचे ओळखपत्र आणले, तेव्हा कितीतरी म्हाताऱ्यांचा तो जन्मातला पहिला फोटो होता. २०१० साली देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. इथवर तक्रार नाही. पण रोजगार हमीच्या कामावर मोबाइलवरच्या फोटोची हजेरी २०२१ मध्ये आली आणि जानेवारी २०२३ पासून सर्वत्र सक्तीची झाली. दिवसातून दोन वेळा रांगेत उभे राहून फोटो द्यायचा. रेंज नसेल तर मजुरी अडकायची. कर्जत तालुक्याला ‘रोजगार हमी’ समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळातून ती जन्मली, तेव्हा ह्या नगर-सोलापूर रस्त्याच्या पट्ट्यातल्या आयाबायांनी खडी फोडलेली आहे. त्या हातोडीचे फोटो नाहीत. पण मोजलेल्या खडीवर मजुरी मिळे. पुढे फोटो आला, त्यात चेहरा आला, आणि काम चौकटीबाहेर राहिले. स्टुडिओतला ‘हलू नका’ हाच हुकूम पुन्हा, आणि ह्या वेळी माळरानावर!

आता थोडे मागच्या भिंतीविषयी. व्याख्यान ठरले तेव्हा आम्ही चिटणीसांना विनंती केली होती, की गावातल्या पोरांना सांगा, सुट्टीचे नको, चालू दिवसाचे फोटो आणा. एकतीस आले. सगळे मागे लावले आहेत. ऊसतोडीहून परतलेले बिऱ्हाड सामान उतरवते आहे, एका घरी बाप पोरीची वेणी घालतो आहे (हा फोटो लावायला बापाची परवानगी घ्यावी लागली, आधी तो नाही म्हणाला), हापशावरची रांग आहे, गोठ्यात झोपलेला कुत्रा आहे. पुष्कळ फोटो वाकडे आहेत, काहींत अंगठा आला आहे.

एक फोटो खालच्या ओळीत आहे. म्हातारी आजी ओट्यावर ज्वारी पाखडते आहे. सुपातले धान्य हवेत आहे. शेजारी मांजर आहे, पण ते नेमके त्याच वेळी उठल्यामुळे त्याची नुसती पांढरी रेघ आली आहे. काल संध्याकाळी आम्ही ते फोटो लावीत असताना त्या आजी नातवाचा हात धरून पाहायला आल्या. फोटोजवळ वाकून खूप वेळ पाहत राहिल्या. आम्ही वाट पाहत होतो, आता काय म्हणतात. त्या नातवाकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘मेल्या, आधी सांगायचं न्हाई का? लुगडं तरी बदललं असतं.’ मग पुन्हा वाकल्या आणि सुपावर बोट ठेवून आम्हाला म्हणाल्या, ‘पण पाखडणं बघा, एक दाणा खाली न्हाई.’