प्रकाशाने जागे होणारे औषध

यकृतातील पित्त आतड्यात नेणारी नलिका अवघ्या काही मिलिमीटर रुंदीची असते. यकृताच्या दाराशी तिच्या दोन शाखा मिळतात. तेथे उद्भवणारा कर्करोग फार काळ मुका राहतो. कावीळ, अंगाची खाज, पांढुरका मल ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुतेक रुग्णांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. मग दुर्बिणीच्या साह्याने नलिकेत नळी बसवून पित्ताला वाट करून देणे, हाच मुख्य उपाय उरतो.

या उपायाला प्रकाशाची जोड देण्यामागील कल्पना जुनी आहे. १९०० साली म्युनिक येथे ऑस्कार राब या विद्यार्थ्याला असे आढळले की, ॲक्रिडीन या रंगद्रव्यात ठेवलेले सूक्ष्म जीव अंधारात तग धरतात आणि उजेडात मरतात. आजच्या उपचारात पोर्फिमर सोडियम हे औषध, शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे २ मिलिग्रॅम या प्रमाणात, शिरेतून देतात. सुमारे दोन दिवसांनी काचेच्या बारीक तंतूतून ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश गाठीवर सोडतात. त्या प्रकाशाने औषध जागे होते व पेशीतील प्राणवायूला उग्र रूप देऊन पेशींचा नाश घडविते. मात्र हा परिणाम काही मिलिमीटरपलीकडे पोचत नाही.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या ३९ रुग्णांच्या जर्मन चाचणीने मोठी आशा निर्माण केली. केवळ नळी बसविलेल्यांचे मध्यम आयुर्मान ९८ दिवस, तर प्रकाशोपचार घेतलेल्यांचे ४९३ दिवस भरले. परंतु नळी बसवूनही ज्यांचे पित्त नीट वाहत नव्हते, असेच रुग्ण त्या चाचणीत घेतले होते, हे विसरता येत नाही. २०१८ साली ब्रिटनमधील ९२ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष नेमका उलटा निघाला. प्रकाशोपचार घेतलेले ६.२ महिने जगले, न घेतलेले ९.८ महिने. आधीच्या आकड्यांवर विसंबून हा उपचार सरसकट देणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

शिवाय औषध त्वचेतही राहते. किमान ३० दिवस उन्हापासून दूर राहावे लागते आणि नेहमीचे ऊनरोधक मलमही उपयोगी पडत नाही. तथापि खोली काळोखी करून बसणे चुकीचे होय. घरातील मंद उजेडानेच त्वचेतील औषध हळूहळू निष्प्रभ होते. ज्याच्या आयुष्याचे महिने मोजके उरले आहेत, त्याला हा एक महिना किती महाग पडेल, हे नळी बसविण्यापूर्वीच त्याच्याशी व कुटुंबीयांशी बोलून ठरवावे लागते.