नदीखालून गेलेली वाट

नदीपलीकडे पाइप न्यायचा तर पूर्वी पात्रातच चर खणावा लागे. 1971 साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलजवळ मार्टिन चेरिंग्टन या कंत्राटदाराने वेगळी वाट काढली. एका काठावरून तिरकं भोक पाडत तो पाहारो नदीच्या तळाखालून पलीकडे निघाला आणि गॅसचा पाइप पात्राला धक्का न लावता पार झाला. आज रस्त्याकडेला दिसणारं ‘एचडीडी’ (हॉरिझॉन्टल डिरेक्शनल ड्रिलिंग) मशीन त्याच कामाचं पुढचं रूप आहे.

जमिनीखाली ड्रिल वळवतात कसं? त्याचं तोंड एका बाजूने तासलेलं असतं. रॉड फिरवत ढकलला की तो सरळ जातो. फिरवणं थांबवून नुसता ढकलला, की हव्या त्या बाजूला वळतो. तोंडाजवळचा ट्रान्समीटर संकेत पाठवत राहतो. वर एक जण ते टिपणारा लोकेटर घेऊन चालतो, त्यावर खोली आणि कल पाहतो आणि रस्त्यावर रंगाने खुणा करत जातो. पलीकडे पोचल्यावर रीमर लावून भोक मोठं करतात, साधारणपणे पाइपच्या दीडपट, आणि मग पाइप मागे ओढून आणतात. या सगळ्या वेळात बेंटोनाइट मातीचा पातळ चिखल आत खेळता ठेवतात. तो चुरा बाहेर आणतो, भोकाच्या भिंती ढासळू देत नाही. मात्र त्याचा दाब अती झाला, तर तो भेगांतून वर, नदीतही येऊ शकतो.

पण वाटेत जुनी केबल किंवा गॅसची लाइन असेल, तर ती या ड्रिलला दिसत नाही. ती आधी माणसानेच शोधायची असते: खड्डे घेऊन, नकाशे पाहून, चौकशी करून. मार्च 2023 मध्ये आपल्याकडे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झालं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं, म्हणजे ज्यांच्या वाहिन्या तिथे आहेत त्यांना सूचना जाते. तरीही ती वाहिनी नेमकी किती खोल आहे, हे टाकणाऱ्याने लिहून ठेवलं असेल तरच कळणार.

म्हणून सोसायटीच्या आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या दारात असं काम झालं, तर प्रत्यक्ष टाकलेल्या पाइपचा नकाशा खोलीच्या आकड्यांसह मागून घ्या आणि दप्तरी जपून ठेवा. रस्त्यावरच्या रंगाच्या खुणा पहिल्या पावसात धुऊन जातात. पाइप मात्र खाली कित्येक वर्षं राहणार आहे.